फक्त ब्रेक मारल्यावर

पानिपतहून तीन रजया घेऊन आम्ही दिल्लीकडे परत येत होतो. समालखा मागे पडलं होतं, डिसेंबरचं धुकं दुपारी बारा वाजताही पुरतं विरलं नव्हतं, आणि माझ्यापुढे उसाची एक ट्रॉली चालली होती. ट्रॉलीवाल्याने अचानक वेग कमी केला म्हणून मी ब्रेक दाबला, आणि हातातलं स्टिअरिंग हिवताप भरल्यासारखं थरथरू लागलं. थोडंथोडकं नाही. मनगटावरचं घड्याळ खुळखुळलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, आणि मागच्या सीटवर रजयांना टेकून झोपलेली माझी मुलगी लुंबिनी जागी होऊन म्हणाली, "बाबा, आपण पोचलो?"

"नाही," मी म्हणालो.

"मग गाडी अशी का करतेय?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुढचे अडीच महिने गेले. उत्तर मिळालं, अगदी बिनचूक मिळालं. पण ते हाती येईपर्यंत दिल्लीतला माझा एकुलता एक मित्र मी घालवून बसलो होतो. (मराठी माणूस, पानिपत आणि माघार यांवर एखादी कोटी करावी असं वाचकाला वाटत असेल, तर ती माझ्या ऑफिसात तिघांनी वेगवेगळ्या दिवशी केली आहे. मी तिन्ही वेळा हसलो.)

गाडी आमची होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्याआधी सहा वर्षं ती हरीशची होती. आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत बहात्तर फ्लॅट आणि त्यात मराठी घरं दोन. तिसऱ्या मजल्यावर अमरावतीचे आम्ही, आणि आमच्या बरोबर खाली पुण्याचे हरीश आणि विनयावहिनी. अकरा वर्षं दोन्ही घरांच्या किल्ल्या दोन्ही घरांत असायच्या. लुंबिनीला गोवर आला तेव्हा ती वहिनींच्या मांडीवर बरी झाली. हरीशची आई गेली तेव्हा फोन आमच्याकडे आला होता, आणि खाली जाऊन ते त्याला मी सांगितलं होतं. संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघं आपापल्या मंत्रालयांची निंदा करायचो. मराठीत केली की कुणाला कळत नाही, हा आमच्या मैत्रीचा पाया होता असं म्हटलं तरी चालेल.

मग अठ्ठ्याण्णव साली हरीशने सरकारी नोकरी सोडली. गुडगावला एका परदेशी कंपनीत त्याला जागा मिळाली. जागेबरोबर नवी गाडी, गाडीबरोबर ड्रायव्हर, आणि सातव्या मजल्यावर फ्लॅट. नोकरीत तो मला सहा महिन्यांनी ज्युनिअर होता. हे मी इथे का सांगतोय कळत नाही, पण त्या काळात मी ते पुष्कळ जणांना सांगत होतो.

"माझी गाडी तू घे," जाताना हरीश म्हणाला. "बाहेर कुणाला देण्यापेक्षा तुझ्या दारात उभी राहिली तर मला बरं वाटेल."

ती मी घेतली. छोटी, पांढरी, बारीक चणीची गाडी. अशी गाडी, आणि पानिपतच्या रस्त्यावर तिला हे झालं.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते हरीशला फोन करण्याचं.

"ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतंय," मी सांगितलं.

"फक्त ब्रेक मारल्यावर? की एरवीही, वेगात असताना?" त्याने विचारलं.

आता हा प्रश्न पाहा. मित्राने विचारलेला साधा प्रश्न आहे. पण पंचवीस वर्षं ज्याने खात्यात चौकशीच्या फायली हाताळल्या, त्याच्या कानाला तो उलटतपासणीसारखा लागला. तक्रार नेमकी काय, कधी, कुठे, साक्षीदार कोण. मी म्हणालो, "म्हणजे तुझ्याकडे असताना व्हायचं का?"

"नाही रे. कधीच नाही." मग थोडं थांबून तो म्हणाला, "मी रविवारी येऊन बघू का?"

"नको, तू कशाला त्रास घेतोस. तू बिझी माणूस," मी म्हणालो. हे वाक्य मी ज्या आवाजात म्हणालो तो आवाज माझ्या बायकोने, कौशल्याने, स्वयंपाकघरातून ऐकला. ती बाहेर येऊन म्हणाली, "भाऊजी येतो म्हणत होते तर येऊ द्यायचं की."

मी म्हणालो की हा तांत्रिक विषय आहे.

तांत्रिक विषय सोसायटीत पसरायला एक रात्र पुरली. सकाळी दुधाच्या रांगेत आमचे सचिव राजीव भटनागर यांनी मला बाजूला घेतलं. भटनागरसाहेब बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ समतोल नसण्यात आहे. "बैलेंसिंग कराइए," ते म्हणाले. "चक्के का बैलेंस गया है." त्रिलोकपुरीच्या वळणावरच्या टायरवाल्याकडे मी गेलो. त्याने चारही चाकं काढली, फिरवली, शिशाचे तुकडे ठोकले आणि परत बसवली. नट आवळताना तो पान्यावर चक्क दोन्ही पायांनी उभा राहिला आणि दोनदा उडी मारली. कामावरची त्याची ती निष्ठा पाहून मी भारावलो. गाडी चालवून पाहिली. सरळ रस्त्यावर लोण्यासारखी गेली, आणि ब्रेक दाबताच पूर्वीपेक्षा जास्त थरथरली.

मग ऑफिसातल्या एकाने टायर दोषी ठरवले, ते बदलले. दुसऱ्याने सांगितलं की टायर कशाला बदललेस, अलाइनमेंट बघायची होतीस. तीही पाहिली. करोल बागेत एक म्हातारे उस्ताद होते. त्यांनी गाडीखाली झोपून बराच वेळ विचार केला आणि आतूनच सांगितलं की स्टिअरिंगचा डबा गेलाय. डबा बदलला. नव्या डब्यामुळे एवढं झालं की थरथर अधिक स्पष्ट येऊ लागली, मधलं काही गाळलं न जाता. प्रत्येक ठिकाणी मी "स्टिअरिंग थरथरतं" असं सांगायचो, आणि माणसं स्टिअरिंगपासून सुरुवात करायची. ब्रेकचा उल्लेख मी करायचो, पण ओघात, वाक्याच्या शेवटी. फायलीतही महत्त्वाची गोष्ट आम्ही तिथेच ठेवतो.

एवढं खरं की गाडी दारात आली त्या दिवसापासून मी तिची हेळसांड होऊ दिली नाही. मेकॅनिककडून आली की तिच्या अंगावर काळे पंजे उमटलेले असायचे. आमच्याकडे पाणी संध्याकाळी सहा ते सात यायचं. त्यामुळे ऑफिसातून किंवा गॅरेजमधून आलो की बूटसुद्धा न काढता मी पाइप लावायचो आणि गाडीला आंघोळ घालायचो, चाकांसकट. चाकांना मी विशेष वेळ द्यायचो. थंड पाण्याची धार पडली की आतून चुर्र असा आवाज यायचा आणि थोडी वाफ निघायची. मला वाटायचं, गाडीला बरं वाटतंय. पाइपने गाड्या धुऊ नयेत असं परिपत्रक भटनागरसाहेबांनी काढलं होतं, पण ते पहिल्या मजल्यावरच्यांसाठी आहे असा मी त्याचा अर्थ लावला होता.

जानेवारीपर्यंत परिस्थिती अशी आली की मी ब्रेक टाळून गाडी चालवायला शिकलो. लांबूनच वेग कमी करायचा, गिअर खाली आणायचा, सिग्नल हिरवा होईपर्यंत रेंगाळत जायचं. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. निजामुद्दीनच्या पुलावर एका बसवाल्याने खिडकीतून मान काढून माझ्या तब्येतीची चौकशी केली. लुंबिनीने शाळेच्या बसचा पास पुन्हा काढला. "बाबा, फ्रेंड्स विचारतात की तुमची गाडी थंडीने कापते का," ती म्हणाली. कौशल्या पुढच्या सीटवर बसायची ती डॅशबोर्डला हात लावून, आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा.

आणि मग सव्वीस जानेवारीच्या सकाळी, झेंडावंदनाला सगळी सोसायटी फाटकापाशी जमलेली असताना, मी दूध घेऊन परत आलो. मोसमातलं सगळ्यात दाट धुकं होतं. फाटक अर्धंच उघडलेलं आहे हे मला उशिरा दिसलं. मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग थरथरलं, आणि सवयीने मी ब्रेकवरून पाय काढला. गाडी फारशा वेगात नव्हती. पण फाटक बिजागरीतून निखळलं आणि हळूहळू आडवं झालं. बासष्ट माणसं झेंड्याकडे पाठ करून माझ्याकडे पाहत होती. राष्ट्रगीत मग माझ्या गाडीच्या साक्षीने झालं. मी गाडीतून उतरून ताठ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडी नोएडातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. काचेचं ऑफिस, टाय लावलेला माणूस. त्याने फाटकामुळे चेपलेला पुढचा भाग पाहिला, खाली वाकला, आणि म्हणाला, "सर, गाड़ी एक्सीडेंटल है."

"हाँ, कल सुबह ही," मी म्हणालो.

"नहीं सर, पुरानी. चेसिस में है. बेचने वाले ने आपको बताया नहीं?"

चेसिसमध्ये नेमकं काय आहे हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. कारण त्या क्षणी मला एक विलक्षण समाधान वाटलं, आणि ते लपवण्यात मी गुंतलो होतो. दीड-दोन महिन्यांत, खरं म्हणजे हरीश गेल्यापासूनच, मला कशाचा तरी राग येत होता. त्या रागाला बसायला जागा मिळत नव्हती. टाय लावलेल्या माणसाने ती दिली.

घरी येऊन मी पत्र लिहायला बसलो.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. मला आदल्या वर्षी आमच्या खात्यात हिंदी पखवाड्यात टिप्पण-लेखनाचं दुसरं बक्षीस मिळालं होतं. मराठीत मला हरीशवर रागावता आलं नसतं. मराठीत मी फार तर "काय रे हे" म्हणालो असतो. सरकारी हिंदीत मात्र अडचण येत नाही. "विषय: दोषपूर्ण वाहन के विक्रय के संबंध में." खाली क्रमांक घालून पाच परिच्छेद. तिसऱ्या परिच्छेदात असं होतं की विक्रेत्याने वाहनातला दोष जानबूझकर छिपाया. शेवटी "प्रतिलिपि सूचनार्थ: सचिव, आवासीय सोसायटी". प्रतिलिपि कशासाठी, तर फाटकाच्या दुरुस्तीचा विषय प्रलंबित होता आणि दोष मूळ कुणाचा हे कागदावर यावं म्हणून.

कौशल्याने ते वाचलं. "भाऊजींना हे पाठवणार?"

"रजिस्टर पोस्टाने."

"अहो, ते काय गुडगावला पळून गेलेत? फोन करा ना."

"काही गोष्टी रेकॉर्डवर असाव्या लागतात."

"काहून?" ती म्हणाली. ती एरवी तसं बोलत नाही. पंचवीस वर्षं दिल्लीत राहून अमरावती तिच्या तोंडी फक्त दोनदा आली आहे, आणि ही दुसरी वेळ होती. मी तरीही पोस्टात गेलो.

मूळ पत्र हरीशला मिळायच्या आधीच प्रतिलिपीने आपलं काम केलं. भटनागरसाहेबांना आयुष्यात कुठलाही कागद मिळाला की त्याचं एकच करता येतं: तो नोटिस बोर्डावर लावायचा. "सूचनार्थ" असं मीच लिहिलं होतं. त्यांनी तो चार टाचण्यांनी लावला, काचेचं दार बंद करून कुलूप घातलं, आणि त्याच संध्याकाळी किल्ली खिशात घेऊन मुलाकडे लखनौला गेले.

दुसऱ्या दिवशी मला ते कळलं. बोर्डाची काच फोडावी का, यावर मी जिन्यात पंधरा मिनिटं विचार केला. सोसायटीची मालमत्ता, आधीच फाटक झालेलं. मी वर गेलो.

रविवारी हरीश आला. त्याला जुन्या फ्लॅटचा काही दाखला सोसायटीच्या ऑफिसातून हवा होता. ऑफिस बंद होतं, म्हणून तो बोर्डापाशी वेळा पाहायला थांबला. कौशल्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिने त्याला पाहिलं, आणि मला हाक मारली नाही. मी खिडकीशी गेलो तो केवळ ती इतका वेळ हातात ओला टॉवेल धरून का उभी आहे हे पाहायला.

हरीश चष्मा काढून वाचत होता. पाचही परिच्छेद वाचायला लागतो तेवढा वेळ तो तिथे उभा होता. पाठीमागून तळमजल्यावरचे दोघे जण आले, त्यांनी त्याला नमस्कार केला, त्याने मान हलवली. मग त्याने वर पाहिलं. आमच्या बाल्कनीकडे नाही, खालच्या, स्वतःच्या जुन्या बाल्कनीकडे. तिथे आता दुसऱ्यांचे कपडे होते. मग तो गाडीत बसला. ड्रायव्हरने दार लावलं.

अकरा वर्षांत तो सोसायटीत येऊन आमच्याकडे चढला नाही, असं कधी झालं नव्हतं.

मी स्वतःला सांगितलं की दोषी माणूस असाच वागतो. ते मला तीन-चार दिवस पुरलं.

हणमंत जाधव मला भेटला तो निव्वळ चेपलेल्या पुढच्या भागामुळे. ऑफिसातल्या शिपायाचा भाऊ फरीदाबादला कारखान्यात होता. त्याच्या शेजारी एका माणसाचं लेथचं वर्कशॉप होतं, आणि तो माणूस "आपका मराठी" आहे असं कळलं. कऱ्हाडचा हणमंत वीस वर्षांपूर्वी फरीदाबादला आला होता. माझ्याच वयाचा, पण हात माझ्या दुप्पट. मी त्याला सगळा इतिहास सांगायला सुरुवात केली. बॅलन्सिंग, टायर, अलाइनमेंट, स्टिअरिंगचा डबा, चेसिस. त्याने मध्येच हात वर केला.

"थांबा साहेब. थरथर ब्रेक मारल्यावरच येती, का नुसतं पळवताना पण?"

मी थांबलो. अगदी याच क्रमाने हा प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता. फक्त तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं.

"फक्त ब्रेक मारल्यावर," मी म्हणालो.

"मग चाकांच्या मागं कशाला लागला? ब्रेक नसताना गाडी गुमान पळतीय, म्हणजे चाकं बरी हायेत." त्याने पुढची बाजू जॅकवर घेतली, चाक काढलं. आत लोखंडाची गोल थाळी होती, त्याने सांगितलं की हिला डिस्क म्हणायचं, ब्रेक हिलाच धरतो. त्याने स्क्रू ड्रायव्हर बाजूच्या लोखंडावर घट्ट टेकवून त्याचं टोक थाळीच्या अगदी जवळ आणलं आणि थाळी हाताने हळू फिरवली.

"ऐका."

खर्र. मग शांतता. मग पुन्हा खर्र. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी.

"वाकडी झालीय. केसभर. डोळ्याला दिसायची नाही. पण ब्रेक धरला की तो केस तुमच्या हातात येतो." मग त्याने चाकाचे नट पाहिले. "आणि हे कुणी आवळलं? एक दगडासारखा, एक ढिला. ह्यानं पण ताण येतो थाळीवर. समोरासमोरचे नट आवळायचे असतात, थोडे थोडे करून." त्रिलोकपुरीच्या निष्ठावान माणसाची ती उडी मला आठवली.

"पण मुळात वाकली कशाने?" मी विचारलं. हा प्रश्न मी आशेने विचारला, हे कबूल केलं पाहिजे. "जुना अपघात असेल ना? चेसिसमध्ये?"

हणमंत गाडीखाली गेला, टॉर्च फिरवून आला. "चेसिस सरळ हाय. ही गाडी कधी कुठं धडकलेली नाही. हे पुढचं सोडून." मग तो थाळीवर बोट फिरवत म्हणाला, "ह्यो निळसर डाग दिसतोय? लई तापलेली थाळी एकदम गार झालीय. तुम्ही गाडी चालवून आल्या आल्या पाणी मारता काय?"

मी मान डोलावली.

"चाकांवर?"

"रोज," मी म्हणालो. "पाणी सहा ते सातच येतं."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "तव्यावर पाणी टाकल्यागत होतं ते," एवढंच म्हणाला, आणि थाळी काढून लेथवर चढवली. तासाभरात तिचा पातळ थर निघाला, ती बसली, नट समोरासमोर आवळले गेले. मथुरा रोडवर मी गाडी काढली. पुढे मोकळा रस्ता पाहून ब्रेक दाबला. गाडी थांबली. स्टिअरिंग देवळात हात जोडलेल्या माणसासारखं गप्प उभं होतं. मी आणखी चार वेळा दाबून पाहिला. चारही वेळा गप्प. आयुष्यात एखादी गोष्ट दुरुस्त झाल्याचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

घरी मी कौशल्याला सांगितलं. तिने कणीक मळता मळता सगळं ऐकलं.

"म्हणजे तुम्हीच," ती म्हणाली.

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

"आता दुसरं पत्र लिहा मग."

मी बसलो. चार मसुदे केले. सरकारी हिंदीत "खेद है" असं आम्ही दिवसातून दहा वेळा लिहितो, आणि त्याचा अर्थ एवढाच असतो की तुमचं काम होणार नाही. "दिलगीर आहे" लिहिलं तर ते रेल्वेच्या घोषणेसारखं वाटलं. पहिलं पत्र एका बैठकीत झालं होतं. दुसरं झालंच नाही. दरम्यान भटनागरसाहेब लखनौहून आले. बोर्डावरचा कागद काढा म्हणून मी विनंती केली, तर त्यांनी ती लेखी मागितली. मी अर्ज दिला. तो त्यांनी पत्राच्या शेजारी लावला. मग मी त्यांच्या घरी जाऊन अशा चेहऱ्याने उभा राहिलो की त्यांच्या पत्नीनेच किल्ली आणून दिली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गुडगावला गेलो. लुंबिनी आली नाही. "काकांसमोर मला कसंतरी होईल," ती म्हणाली. हरीशची इमारत अर्धी झाली होती. पलीकडे शेत होतं, शेतात क्रेन उभी होती, आणि लिफ्ट चालू नव्हती. सात मजले चढताना कौशल्या कुठेही थांबली नाही. मी प्रत्येक मजल्यावर थांबलो.

दार विनयावहिनींनी उघडलं. "या," त्या म्हणाल्या. पूर्वी त्या "आलात का" म्हणायच्या. चहा नव्या कपांत आला, बशीसकट. हरीश समोर बसला होता.

मी सांगितलं. हणमंत, स्क्रू ड्रायव्हर, निळा डाग, पाइप, सगळं. गॅरेजमधल्या टायवाल्याचं नाव घेऊन दोष थोडा वाटून द्यायचा माझा विचार होता, पण कौशल्या माझ्याकडे पाहत होती. "माझी चूक झाली," मी म्हणालो. मराठीत ते तीनच शब्द आहेत.

"ठीक आहे रे," हरीश म्हणाला. "होतं."

खाली जनरेटर सुरू झाला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "गाडीत दोष आहे असं तुला वाटलं, ते मी समजू शकतो. विकणारा मी, तर माझं नाव येणार. पण 'जानबूझकर' कशाला लिहिलंस?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "मसुद्यात नव्हतं," मी म्हणालो. "फेअर करताना घातलं."

"का?"

"वाक्य त्याशिवाय हलकं वाटत होतं."

त्याने मान हलवली, एखाद्या फायलीवरची शेवटची शंका फिटावी तशी. विनयावहिनी कप उचलायला आल्या. माझा अर्धा भरलेला होता, तोही त्यांनी उचलला. हरीश आम्हाला दारापर्यंत सोडायला आला. कौशल्या म्हणाली, "भाऊजी, या एकदा घरी." तो म्हणाला, "येऊ की, नक्की." दोघांनाही ते किती खरं आहे हे माहीत होतं, आणि दोघांनीही ते नीट पार पाडलं.

हे इथेच संपायला हवं होतं. पण गाडी कागदावर अजून हरीशच्या नावावर होती. जाताना त्याने सही करून दिलेले हस्तांतराचे फॉर्म मी घाईने परिवहन कार्यालयात दिले होते, ते मार्चमध्ये परत आले. विक्रेत्याची सही जुन्या नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. विक्रेत्याने जातीने हजर व्हावं. हरीशची सही बदलली होती. नव्या नोकरीत दिवसाला शंभर कागदांवर करायची म्हणून त्याने ती आखूड केली असावी.

मी फोन केला. तो लगेच हो म्हणाला. वेळ विचारली, लिहून घेतली, आणि बरोबर त्या वेळी आला. आम्ही एका बाकावर बसलो. मध्ये एका माणसाला बसता येईल एवढी जागा होती, आणि थोड्या वेळाने तिथे एक माणूस खरोखरच येऊन बसला. हरीशने विचारलं, लुंबिनीचा अभ्यास कसा आहे. मी म्हणालो, चांगला आहे. मी विचारलं, वहिनी कशा आहेत. तो म्हणाला, मजेत. पूर्वी आम्ही अशा ठिकाणी असतो तर खिडकीतल्या बाबूच्या चष्म्यापासून पंख्यापर्यंत सगळ्याची मराठीत खिल्ली उडवली असती.

आमचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी हरीशला एका कोऱ्या कागदावर जुन्या पद्धतीची सही करायला सांगितलं. पहिली जमली नाही. त्याने पेन हातात धरून क्षणभर आठवलं, आणि दुसऱ्यांदा संपूर्ण नाव, आडनावासकट, सावकाश लिहिलं. ती जुळली. बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि माझ्याकडे बोट दाखवून नेहमीचा प्रश्न विचारला.

"आप इनको जानते हैं?"

हरीशने माझ्याकडे पाहिलं नाही. विचार करायला फार वेळ लावला असंही नाही.

"जी," तो म्हणाला. "मैंने इनको गाड़ी बेची थी."

तेवढं पुरेसं होतं. बाईंनी शिक्का मारला. बाहेर ऊन कडक व्हायला लागलं होतं, त्याचा ड्रायव्हर गाडी फाटकाशी घेऊन आला होता. "चल मग," हरीश म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. अकरा वर्षांत आम्ही एकमेकांशी कधी हस्तांदोलन केलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.